विधेयकांच्या कालगतीचा हिशेब : विधानसभेच्या अध्यक्षांस खुले पत्र

महाराष्ट्र विधानसभेचे सन्माननीय अध्यक्ष महाराज यांस,



ज्या आसनावर आपण विराजमान आहात, त्याचा मोठेपणा असा की सभागृहातील अत्यंत आवेशी सभासददेखील आपले म्हणणे प्रतिपक्षाला उद्देशून न मांडता आपणांस उद्देशून मांडतो. तेव्हा सभागृहाबाहेरच्या एका सामान्य मतदारानेही आपली कैफियत सरकारपुढे अगर विरोधी पक्षापुढे न ठेवता आपणांपुढेच ठेवली, तर त्यात औचित्यभंग होणार नाही असे मी धरून चालतो. ही कैफियत कोणा एका विधेयकाची नाही, कोणा एका पक्षाच्या राजवटीची तर नाहीच नाही. विधेयक सभागृहात पुरःस्थापित झाल्यापासून राजपत्रात अधिनियम म्हणून छापले जाईपर्यंत त्याला जो काळ लागतो, तो काळ आपल्या राज्यात चुकीच्या ठिकाणी खर्ची पडत आहे, एवढेच मला निवेदन करावयाचे आहे. जेथे सर्वांसमक्ष, नोंद ठेवून, प्रश्नोत्तरे करून वेळ द्यावयास हवा त्या सभागृहात घाई होते. आणि जेथे कोणाची नजर पोचत नाही, कोणी जाब विचारीत नाही, अशा दप्तरांत तेच विधेयक महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, निवांत पडून राहते.

ही तक्रार आजकालची नव्हे. १९०१ साली मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलात जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले होते. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेल्या जमिनी पुन्हा लागवडीस देताना त्या विकण्याचा अगर गहाण टाकण्याचा हक्क रयतेस राहू नये, असा त्याचा आशय होता. आणि कुणब्याला सावकाराच्या पाशातून सोडविण्याचा उदात्त हेतू त्यामागे असल्याचे सरकार सांगत होते. सर फिरोजशहा मेहता यांचे मागणे एवढेच होते की, ज्यांच्या जमिनीसंबंधी हा कायदा व्हावयाचा त्यांचे आणि जाणत्या लोकांचे मत आधी मागवावे व तोवर विधेयकाचा विचार लांबणीवर टाकावा. सरकारी बहुमताच्या बळावर ते नामंजूर झाले, तेव्हा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे काही सहकारी सभागृह सोडून बाहेर पडले. ज्यांच्या मवाळपणाची चेष्टा करण्यात पुण्याची एक पिढी रमली होती, त्या गोखल्यांनी सभात्याग करावा, आणि तोही विधेयकातील एखाद्या कलमापायी नव्हे तर ते वाचावयास व त्यावर बोलावयास लोकांना सवड दिली जात नाही एवढ्यासाठी करावा, ही गोष्ट विधिमंडळाच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवण्याजोगी आहे. त्या कौन्सिलात लोकनियुक्त सभासद अल्पसंख्य होते. आज प्रौढ मतदानाने निवडून आलेले २८८ सभासद आपल्यासमोर बसतात. आणि तरीही मेहतांनी मागितलेली ती सवड हक्काने मिळते असे छातीठोकपणे म्हणवत नाही, हे शल्य आहे.

विधेयकाच्या वाटेवर ज्या पायऱ्या घातल्या आहेत त्या निरर्थक कर्मकांड म्हणून घातलेल्या नाहीत. पुरःस्थापनेने सरकारचा इरादा उघड होतो, आणि मसुद्यासोबत उद्देश व कारणे यांचे निवेदन छापले जाते ते अशासाठी की, कायदा कोणत्या दुखण्यावर उपाय म्हणून येत आहे हे त्याच्या कर्त्यांनी आधीच बांधून घ्यावे. विचाराच्या टप्प्यावर तत्त्वाची चर्चा होते. मग एकेका खंडाचा विचार होऊन दुरुस्त्या येतात. विषय गुंतागुंतीचा असेल तर प्रवर समिती किंवा दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती त्याची चिकित्सा करते. त्यानंतर ते दुसऱ्या सभागृहात जाते. विधानपरिषदेला संविधानाने विधेयक कायमचे अडविण्याचा अधिकार दिलेला नाही, पहिल्या खेपेस तीन महिने आणि दुसऱ्या खेपेस एक महिना एवढाच विलंब तिच्या हाती ठेवला आहे; परंतु तेवढा विलंबदेखील संविधानकारांनी जाणूनबुजून ठेवला, कारण फेरविचाराला लागणारा काळ हा वाया गेलेला काळ नव्हे, अशी त्यांची धारणा होती.

विधेयकाची प्रगती म्हणजे केवळ त्याची मंजुरी, असा जो समज रूढ झाला आहे तो किती उथळ आहे हे याच भूमीतील एका उदाहरणावरून दिसेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कायदेकौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. तुटपुंज्या इनामाच्या व बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस सरकारी चाकरी करावयास लावणाऱ्या महार वतनाच्या जोखडातून आपल्या समाजाची मुक्तता व्हावी, हा त्यामागील हेतू होता. ते विधेयक एका बिनसरकारी सभासदाचे होते. प्रवर समितीची पायरी चढूनही त्याचा निभाव लागला नाही आणि १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. पुढे १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनीच कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १९३८ च्या जानेवारीत हजारो कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला, आणि तेही विधेयक त्या काळच्या मंत्रिमंडळाने पुढे नेले नाही. मंजुरीच्या मोजपट्टीने दोन्ही प्रयत्न निष्फळ ठरले असे म्हणावे लागेल. परंतु खोती १९४९ च्या कायद्याने गेली आणि गावकामगारांची कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली, तेव्हा त्या कायद्यांना लागणारी सारी युक्तिवादाची सामग्री विधिमंडळाच्या छापील वृत्तांतात आधीच तयार होती. फेटाळलेले विधेयकदेखील वादविवादाच्या रूपाने राज्याच्या स्मरणात राहते; न चर्चिलेले विधेयक मात्र मंजूर होऊनही मुके राहते. आजच्या आमदारांची अशासकीय विधेयके शुक्रवारच्या कामकाजात कशीबशी पुकारली जातात, मंत्र्यांच्या एका आश्वासनावर मागे घेतली जातात, आणि पुष्कळदा गोंधळापायी अगर शासकीय कामाच्या दाटीपायी तो शुक्रवारही हातचा जातो, तेव्हा भावी कायद्यांची बीजेच आपण पायदळी तुडवीत असतो.

सवड देऊन केलेला कायदा कसा टिकतो, याचा दाखलाही परमुलखातून आणावयास नको. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर राबविली गेली. तिच्यासाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ साली व्यवसायकर बसविण्यात आला, म्हणजे शहरातील पगारदाराने आपल्या वेतनातून खेड्यातील मजुराच्या कामाची तरतूद करावी हे तत्त्व विधिमंडळाने उघडपणे स्वीकारले. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचे विधेयक मंजूर केले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. योजना आधी, अनुभव मग, पैशाची सोय त्यानंतर आणि हक्काची सनद सर्वांत शेवटी, असा हा क्रम होता. पुढे २००५ साली संसदेने सबंध देशाकरिता असाच कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव तिच्यासमोर होता, ही गोष्ट आपल्या विधिमंडळास भूषणावह आहे.

याच्या उलट आज जे घडते ते आपण आसनावरून प्रत्यक्ष पाहता. एक बाजू घोषणा देत समोरच्या मोकळ्या जागेत उतरली आहे, दुसरी बाजू बाके वाजवीत आहे, आणि त्या गदारोळात मंत्री उभे राहून विधेयक विचारात घ्यावे म्हणतात, खंड एकामागून एक पुकारले जातात, आवाजी मताने ‘होय’चे बहुमत ठरते आणि एक कायदा जन्मास येतो. काही वेळा तर गोंधळही नसतो, उलट एकमत असते, आणि एकमतातली घाई विरोधातल्या घाईहून अधिक फसवी असते. मराठा समाजाच्या आरक्षणाचे विधेयक २९ नोव्हेंबर २०१८ रोजी दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी एकमताने मंजूर केले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी नवे विधेयक एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात आले आणि त्याच दिवशी दोन्हीकडे मंजूर झाले. आरक्षणाच्या प्रश्नाच्या न्याय्यतेविषयी मला येथे काहीच म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते इतकेच की, जो कायदा पुढेमागे न्यायालयाच्या कसोटीला उतरावयाचा आहे, त्याच्याविरुद्ध न्यायमूर्ती जे प्रश्न विचारतील ते सर्व आधी सभागृहात विचारले गेले पाहिजेत; आणि एकमताच्या भरात ते कोणीच विचारले नाहीत, तर त्या समाजाच्या पदरात हक्क पडण्याऐवजी केवळ तारखा पडण्याचा धोका असतो.

विधिमंडळाला वळसा घालणारी आणखी एक वाट आहे ती वटहुकमाची. सभागृह भरलेले नसताना निकडीच्या प्रसंगी राज्यपालांनी वटहुकूम काढावा, आणि सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्यास विधेयकाचे रूप मिळाले नाही तर तो संपुष्टात यावा, अशी संविधानाच्या २१३ व्या अनुच्छेदाची योजना आहे. बिहारमध्ये या अपवादाचाच नियम झाला होता, आणि तो उजेडात आणला पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ डॉ. डी. सी. वाधवा यांनी. बिहारातील जमीनधारणेचा अभ्यास करीत असता त्यांच्या ध्यानात आले की, १९६७ ते १९८१ या काळात त्या राज्यात २५६ वटहुकूम काढले गेले आणि सभागृहापुढे न नेता पुनःपुन्हा जारी करून त्यांतले कित्येक वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले. त्यांनी ग्रंथ लिहिला, सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि न्यायालयाने अशी पुनरावृत्ती म्हणजे संविधानाशी केलेली प्रतारणा होय असा निर्णय दिला. २०१७ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने तेच तत्त्व अधिक कडकपणे सांगितले. एका संशोधकाने राजपत्राची जुनी पाने चाळली म्हणून हे उघडकीस आले. नागरिकाला आपल्याच राज्यातील कायद्यांची हालहवाल कळण्यासाठी संशोधक व्हावे लागते, हीच मुळात खेदाची गोष्ट आहे.

सभागृहातील घाईची ही एक बाजू झाली. आता दुसरी, म्हणजे सभागृहाबाहेरील दिरंगाईची. जादूटोणा व अघोरी प्रथांविरुद्धचे विधेयक २००५ साली विधानसभेने मंजूर केले, ते परिषदेत अडकले आणि २००९ मध्ये विधानसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. कारण विधानसभेने मंजूर केलेले पण परिषदेपुढे प्रलंबित असलेले विधेयक विसर्जनाबरोबर संपते असा १९६ व्या अनुच्छेदाचा दंडक आहे. २०११ साली ते पुन्हा नव्याने मांडावे लागले. ज्यांनी त्यासाठी आयुष्याची वर्षे वेचली त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि जे काम आठ वर्षांत झाले नाही ते त्याच महिन्यात वटहुकमाने झाले. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात विधेयक मंजूर झाले. विधिमंडळाच्या गतीला एका विचारवंताच्या रक्ताची किंमत पडावी, याहून लाजिरवाणा हिशेब कोणता असू शकेल?

मुंबई-नागपूरहून दिल्लीपर्यंतच्या प्रवासातही असाच लहरीपणा दिसतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक एप्रिल २०१६ मध्ये मंजूर झाले, त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ३ जुलै २०१७ पासून ते अंमलात आले. स्त्रिया व बालके यांच्यावरील अत्याचारांना जबर शिक्षा ठरविणारे ‘शक्ती’ विधेयक मात्र डिसेंबर २०२० मध्ये पुरःस्थापित झाले, संयुक्त समितीने वर्षभर त्याची छाननी केली, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले, आणि त्यानंतर राष्ट्रपतींच्या संमतीची वाट पाहता पाहता १ जुलै २०२४ उजाडला, तेव्हा ज्या भारतीय दंड संहितेत त्याने बदल सुचविले होते ती संहिताच रद्द होऊन तिची जागा नव्या न्यायसंहितेने घेतली. देहदंडाची तरतूद करणाऱ्या त्या विधेयकावर गंभीर आक्षेप होते आणि ते आक्षेप खरेही असतील. परंतु ते कोणते, कोणत्या खात्याने केव्हा काढले आणि राज्याने त्यांस काय उत्तर दिले, याचा तपशील सभागृहाला आपणहून व वेळच्या वेळी मिळावयास नको काय?

राज्यपालांच्या संमतीसंबंधीचा वादही आता एका ठिकाणी येऊन थांबला आहे. २०० व्या अनुच्छेदाच्या परंतुकात विधेयक परत पाठवावयाचे तर ते ‘शक्य तितक्या लवकर’ पाठवावे असे शब्द आहेत. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अडकून पडलेल्या दहा विधेयकांस संमती मिळाल्याचे मानले आणि मुदतीही आखून दिल्या. परंतु २० नोव्हेंबर २०२५ रोजी, राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने न्यायालयाला अशा मुदती घालता येणार नाहीत व गृहीत संमतीही मानता येणार नाही असे मत दिले, आणि दीर्घकाळ व कारणाविना चाललेल्या निष्क्रियतेपुरतीच मर्यादित दाद मागण्याची वाट मोकळी ठेवली. याचा व्यवहारी अर्थ असा की, विलंबावर अंकुश ठेवण्याचे काम पुन्हा लोकमताकडे आले आहे; आणि ज्या लोकांना विधेयक कोठे अडले आहे हेच ठाऊक नाही, त्यांचे मत अंकुशाचे काम करणार कसे?

म्हणून, अध्यक्ष महाराज, चार विनंत्या करतो. पहिली अशी की, कोणतेही विधेयक ज्या दिवशी पुरःस्थापित होईल त्या दिवशी विचारार्थ घेतले जाऊ नये. मधे निदान एक आठवडा जावा, मराठी मसुदा त्याच दिवशी सर्वांस उपलब्ध व्हावा, आणि निकडीमुळे सूट द्यावयाची झाल्यास तिचे कारण कामकाजात नोंदवून द्यावी. दुसरी अशी की, ज्या विधेयकाने नवा गुन्हा निर्माण होतो, नवा कर बसतो किंवा जमिनीवरील हक्क बदलतो, ते समितीकडे जाणे हा नियम असावा. जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये आले, विधानसभेच्या मुदतीबरोबर संपले, डिसेंबरात पुन्हा मांडले गेले व संयुक्त समितीकडे गेले. तिच्याकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेला मसुदा मूळ मसुद्याहून बदललेला होता. त्या कायद्याविषयी कोणाचे मत काहीही असो, लोकांना विचारले तर लोक बोलतात एवढे त्यावरून सिद्ध झाले. आता अशा सूचनांपैकी कोणत्या स्वीकारल्या व कोणत्या कोणत्या कारणास्तव नाकारल्या, याचा गोषवारा प्रत्येक समितीच्या अहवालास जोडला जावा, आणि समित्यांनी मुंबईबाहेर, विदर्भ-मराठवाड्यातही, बैठका घ्याव्यात. तिसरी विनंती अशी की, अशासकीय विधेयकांचा शुक्रवार राखीव मानावा आणि तो बुडाल्यास दुसरा दिवस भरून द्यावा.

चौथी विनंती सर्वांत साधी आहे आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संमती मिळालेल्या विधेयकांची यादी सभागृहापुढे ठेवण्याची संसदीय परंपरा आहेच. तिच्या जोडीला संमती न मिळालेल्यांचीही यादी प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी पटलावर यावी. विधेयकाचे नाव, दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्याची तारीख, राज्यपालांकडे पाठविल्याची तारीख, दिल्लीस गेले असल्यास तेथील सद्यःस्थिती, आणि संमती मिळूनही अंमलाची अधिसूचना किंवा नियम निघाले नसतील तर कोणत्या खात्याकडे काम थकले आहे, एवढे रकाने त्यात असले म्हणजे पुरे.

यावर कोणी म्हणेल की, अधिवेशने तोकडी असतात, एवढा वेळ आणावा कोठून. त्याला उत्तर असे की, समित्यांचे काम दोन अधिवेशनांच्या दरम्यान चालते, आणि संविधानाने दोन अधिवेशनांतील अंतराची कमाल मर्यादा सहा महिने ठरविली आहे, अधिवेशने वाढविण्यास मनाई केलेली नाही. कोणी असेही म्हणेल की, राज्यपाल व राष्ट्रपती आपल्या अधिकारकक्षेबाहेर आहेत. ते खरेच आहे, आणि त्यांस आज्ञा करा असे कोणी आपणांस सुचवीतही नाही. परंतु आपल्या सभागृहाने मंजूर केलेले विधेयक बाहेर किती दिवस पडून आहे हे त्या सभागृहास सांगण्यापासून आपणांस कोणीही रोखू शकत नाही.

आपण ज्या पक्षाकडून निवडून आलात तो आज सत्तेवर असेल, उद्या समोरच्या बाकांवर बसेल. आजची घाई ज्यांना सोयीची वाटते, तेच उद्या सवडीसाठी याचना करतील. या चौथ्या विनंतीसाठी नवा कायदा नको, घटनादुरुस्ती नको, अंदाजपत्रकात एक रुपयाचीही तरतूद नको. अध्यक्षांचा एक निदेश पुरेसा आहे. आगामी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी प्रलंबित विधेयकांचे ते पत्रक पटलावर ठेवण्याचा निदेश आपण द्यावा, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक मतदार